आबा विरुद्ध डबा, मोजमाप भाकरीचं

१९ मार्च २००७, न्हावरे

वैशाली, वेळ मोजायचं घड्याळ हॉस्टेलवरच विसरलीस. मोजायचं शिक्षण घेणारी पोरगी तू. मुंडकं अंगाला चिकटलेलं आहे म्हणून बरं, नाहीतर तेही पुण्यातच राहिलं असतं.

हे वाचताना विसरली असशील म्हणून परत सांगते. तुझ्या प्रोजेक्टसाठी मी, तुझ्या आजीनं, रोज बोलायचं, तुझ्या आईनं, सुमननं, लिहायचं. लाईट आली की विहिरीवरची मोटर लवकर कोण चालू करतं? पायी जाणारे तुझे आबा, का मिस कॉलवर चालणारा तो नवा डबा? तुझ्या बापानं, दत्तानं, सांगून टाकलंय की डबा जिंकला तर आबांनी घरी बसायचं. बांधावरून घसरल्यापासून त्यांचा गुडघा धड नाही.

मला दोन्हीकडून मरण. गेले तर पडतील. बसले तर दिवसभर माझ्या चुलीत नाक खुपसतील.

घड्याळ नाही, तर भाकरीनं मोजते. लाईट आली की थापायला घ्यायची, घराजवळच्या हौदात पाणी पडलं की थांबायचं.

२० मार्च

सकाळची पाळी आबांची. दोन भा. झाल्या, तिसरी फुगत आली तेव्हा पाणी पडलं. (भा. म्हणजे भाकरी. सुमनला सारखं लिहायचा कंटाळा.)

दुपारची पाळी डब्याची. मोबाईलचं, तू नेलपॉलिश लावलेलं बटण मी दाबलं, डब्याला मिस कॉल गेला. पहिली भा. थापून व्हायच्या आत हौद वाजला.

आबांनी ताट सरकवलं. ज्या भाकऱ्यांनी मला हरवलं त्या खाणार न्हाई, म्हणाले. पिठलं नुसतं खाल्लं.

२२ मार्च

आज आबा एकाच भाकरीत! मला शंका. जाऊन बघते तर लाईट यायच्या आधीपासून विहिरीवर बसलेले, हात स्टार्टरवर. लाईट येणार हे पायाला कळतं म्हणे. त्यातून आजची भाकरी सुमनची, तिची जाड. (हे लिहायला तयार नव्हती.)

फोनवर तू म्हणालीस, पीठ, तवा, थापणारी बाई, सगळं रोज तेच पाहिजे, नाहीतर मोजमाप खोटं. अगं, बाई तीच ठेवता येईल, माणूस कसा ठेवू? मोजायला लागल्यापासून आबा रोज दाढी करतात. धुतलेलं धोतर. मोटर चालू करायला निघाले का मुलगी बघायला, समजेना.

२५ मार्च

नको ते झालं. दुपारी बटण कुणी दाबलं नाही आणि मोटर आपोआप चालू. मग बंद. परत चालू. उसाकडचा पाट फुटला, पाणी निघालं काढून ठेवलेल्या कांद्याकडं. वर्षाचा कांदा. दत्ता शिरूरला गेलेला. आबा फावडं घेऊन, लंगडत का होईना, पळालेच. पाणी वळवलं. कडेचा थोडा भिजला, बाकी वाचला.

तव्यावर भाकरी नव्हती, म्हणून मोजलं नाही. पण मी बघितलं.

संध्याकाळी दत्ताच्या भांडगावच्या आत्याचा फोन सुमनच्या मोबाईलवर, रडवेली. नातवाच्या बारशाचं सांगायला दादाला दुपारपासून फोन करतीय, उचलत न्हाई, रुसलाय का?

आबांनी डब्यातल्या सिमकार्डाचा नंबर स्वतःचा म्हणून बहिणीला दिला होता. विचारलं तर म्हणाले, "कार्ड माझ्या नावावर, मग नंबर कुणाचा?"

आत्यानं भावाची विचारपूस केली, आणि मोटरनं ऐकली.

२६ मार्च

दत्ता म्हणाला, नंबर बदलू, डबा ठेवू. आबांनी तंबाखू मळली. मग म्हणाले, "ठेव की. डब्याला रिंग कळती. पाट कुठं फुटला ते त्याला कोण सांगणार?"

"आन् तुमचा गुडघा?" दत्तानं विचारलं.

आबांनी धोतर गुडघ्यावर ओढलं.

मग मीच बोलले. बांधावरून जायचं नाही, गाडीवाटेनं, काठी घेऊन, लाईटच्या आधी सावकाश निघायचं. बटण मी दाबीन. दोघांनी मान हलवली नाही, पण नाही असंही कुणी म्हणालं नाही.

२८ मार्च

दत्तानं सकाळीच नंबर बदलला. आबा काठी घेऊन गेले, वाट कुठली ते मी बघितलं नाही. लाईट आली, मी बटण दाबलं, भाकरी तव्यावर पडायच्या आत पाणी पडलं. आबा आले ते मिशीत हसत.

"स्टार्टर मी दाबला."

"बटण मी दाबलं."

सुमन विचारते, कुणाच्या नावावर लिहू? दत्ताही कान देऊन उभा होता. जागा कोरी सोडायला लावली आहे. तुझ्या मास्तरांना विचार, असं झालं तर काय लिहितात.

घड्याळ पाठवू नको आता. खारी पाठव, न्हावऱ्याच्या एसटीनं. पुड्या दोन, वेगळ्या बांधून. एक घरी लागेल, एक विहिरीवर. बिस्किटं नको, आबांच्या चहात ती विरघळतात आणि नाव माझ्यावर येतं.