मूठभर माती आणि सरूचं लोणचं

चिंचपाडा, मार्च १९३७, रविवार संध्याकाळ

शेजारच्या ख्रिस्ती सुताराला आज पुरलं. त्यांच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाने मूठभर माती टाकायची. मीही घेतली, पण मूठ उघडेना. का? त्याची बायको हळूच म्हणाली, "सोडा, गुरुजी." सोडली, आणि किती मोकळं वाटलं! सगळं अनित्य आहे, हे बुद्धाच्या पुस्तकातून वर्षभर घोकतोय. कळलं ते तिथे.

माझी बायको सरू जाऊन वर्ष झालं. तिने घातलेल्या लोणच्याच्या बरणीला मी कुणाला हात लावू देत नव्हतो. आज घरी येऊन आंघोळ केली आणि बरणीच्या तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडला. आई दचकली, "काय करी ऱ्हायना रे तू?"

"वाढ," म्हटलं.

नखात अजून थोडी माती होतीच. तसाच जेवलो.

मीठ जरा जास्तच टाकायची सरू. हे विसरलोच होतो की!