अब्बांची पाच मिनिटं

अब्बा, तुमची पाच मिनिटं आमच्या घरात अजून चालतात. बिर्याणी दमावर ठेवली आणि मी म्हटलं की पाच मिनिटं थांबा, की तुमचे जावई बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, "साधी पाच का तुझ्या बापाची?" साधी म्हणजे घड्याळाची. तुमची म्हणजे भूक मरून पुन्हा लागेपर्यंतची. इथे अमिरातीत, रास अल खैमात आमच्या ओळखीची जी रत्नागिरी-रायगडकडची घरं आहेत, त्यांच्यातही हे शब्द पोचलेत. ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलं नाही अशा बायका फोनवर मला सांगतात, "निघालोच गं, अब्बांची पाच मिनिटं." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, घोडा गेला, तबेल्याच्या जागेवर कुणाचं तरी लॉज उभं राहिलं, आणि मागे उरली ती तुमची थाप. जावई आता ओरडत नाहीत. एवढा दम त्यांच्यात राहिलेला नाही. दोन बोटं वर करून विचारतात, साधी की बापाची, आणि मी म्हणते, साधी.

इथल्या माणसांना समजावून सांगावं लागतं की आपल्या डोंगरावरच्या गावात गाडी येत नाही. खाली स्टँडवर गाड्या थांबतात, पुढे पाय, घोडा नाहीतर हातरिक्षा. पॉइंट बघायला आलेल्या माणसांना तुम्ही रानातल्या वाटांनी न्यायचात आणि ती दर वळणाला विचारायची, किती राहिलं. तुम्ही मागे न बघता सांगायचात, "हे काय, आलंच. पाच मिनिटं." चेहरा इतका साधा ठेवायचात की शपथ घातली तरी कुणी संशय घेतला नसता. मी एकदा घरी विचारलं होतं, रोज खोटं बोलून तुमची जीभ कशी थकत नाही? तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "आकडा सांगितला की माणूस बसतो. बसला की त्याला उठवणार कोण, तू?" आणि तुमची थाप शेवटी खरी ठरायची, कारण पॉइंट तिथे होताच. पोचल्यावर दरी बघून माणसं सगळं विसरायची आणि चहाचे पैसे तुमचेही द्यायची. तुमच्या खोटेपणाला त्या दरीचा आधार होता. हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या लग्नातसुद्धा तुम्ही सोडलं नाहीत. सासरची माणसं समुद्रकाठची, सपाटीवरची, आणि वरात स्टँडवरून चालत वर येणार. घोडा नवऱ्यासाठी सजवला होता, तर नवराच घोड्याला घाबरला आणि चालतो म्हणाला. त्यांच्या थोरल्या चाचांनी पहिल्याच चढाला घाम पुसत विचारलं, "मियाँ, किती लांब हाय अजून?" तुम्ही म्हणालात, "हे काय चाचा, आलंच. पाच मिनिटं. चहाचं पाणी ठेवलंय." चहाचं पाणी म्हणे. वरात दारात आली तेव्हा नवऱ्याचे पांढरे बूट आपल्या तांबड्या मातीने विटकरी झाले होते आणि चाचा कुणाशी बोलायच्या स्थितीत नव्हते. हे गेली वीसेक वर्षं ती गोष्ट सांगतात आणि दर वेळी चढ थोडा वाढवतात. पण चालण्याची गोडी त्यांना तिथेच लागली, असंही तेच सांगतात.

म्हणून तर इथे आल्यावर सुट्टीच्या दिवशी बाकीची माणसं मॉलमध्ये जायची आणि आम्ही डोंगरात. हे डोंगर तुम्हाला आवडले नसते. झाड नाही, पाणी नाही, नुसता भाजलेला दगड. पण दोन डोंगरांमधल्या कोरड्या ओढ्यातून, ज्याला इथे वादी म्हणतात, एक जुनी वाट वर जाते. पूर्वी डोंगरातले लोक गाढवांवर धान्य घालून तिच्यावरून ये-जा करायचे. आता पालिकेने तिथे खाली गाड्या लावायला जागा केलीय, सिमेंटचे बाक, कबाब भाजायला चुली, आणि वाटेवर दगडांना रंगाचे पट्टे. आधी एक बोरीचं झाड लागतं, अगदी आपल्यासारखी बोरं येतात त्याला. मग गव्हाची जुनी, पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, आणि सगळ्यात वर दगडी घरांचं रिकामं गाव. सुरुवातीलाच मोठा बोर्ड आहे, गावापर्यंत किती अंतर, किती वेळ, किती चढ, सगळं खरं लिहिलेलं. पहिल्यांदा तो वाचून हे म्हणाले, "इथे अब्बांना बसवायला हवं होतं. हा बोर्ड वाचून माणूस गाडीतून उतरतो कशाला?" अब्बा, तुमचा धंदाच बसला असता.

आम्ही त्या गावापर्यंत किती वेळा गेलो असू. मुलगी खांद्यावर होती तेव्हापासून. वर गेलं की हे एका पडक्या घराच्या उंबऱ्यावर बसायचे, मी डबा उघडायची, आणि खाली समुद्राची एक पट्टी दिसायची. तेवढी पट्टी त्यांना पुरायची. मग एका थंडीत ते शेतांपाशीच थांबले, म्हणाले, आज डबा इथेच उघड. मला वाटलं भूक लागली असेल. पुढच्या थंडीत बोरीखाली थांबलो. डॉक्टरांनी फोटो काढले आणि सांगितलं की फुप्फुसं आतून घट्ट होत चाललीत, का ते कुणाला सांगता येत नाही, आणि झालेलं परत फिरत नाही. त्यानंतरच्या वर्षी बोरही लांब झाली, आम्ही पहिल्या वळणावरच्या बाकावर बसायला लागलो. डोंगर होता तिथेच आहे, पट्टे होते तिथेच आहेत, आणि दर वर्षी आमचं शेवटचं ठिकाण मात्र थोडं खाली सरकत आलं. मी त्यांच्यामागे उभी राहून म्हणायची, चला, आलंच, पाच मिनिटं. ते म्हणायचे, "घोडेवाल्याची पोर ती घोडेवाल्याचीच," आणि चार पावलं जास्त चालायचे. पण चार पावलांनी काय होतं?

आता अम्मीचं. आपण दोघं हे कधी बोललो नाही, म्हणून लिहिते. मी बाळंतपणाला आले होते. दुपारी तिच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यातून सांगितलं की लगेच खाली न्या. हातरिक्षात तिला बसवलं, तुम्ही बाजूने चालत होतात, एक हात दांडीवर. मी मुलीला पोटाशी धरून दुसऱ्या बाजूला. पहिल्या उतारावर तिने विचारलं, "किती राहिलं?" आणि तुम्ही म्हणालात, "हे काय, आलंच. त्या वळणामागे गाड्या दिसतील." वळणामागे पुढचं वळण होतं. अम्मी म्हणाली, "हां, दिसल्या." मी मान वर करून पाहिलं, झाडंच होती. मग तिचे नुसते ओठ हलत होते. मी पाण्याची बाटली उघडून पुढे केली, तिने घेतली नाही. पाण्याच्या टाकीच्या अलीकडे तुम्ही रिक्षा थांबवायला सांगितलीत.

अम्मी तिथेच गेली, आणि टाकीपाशी उभी राहून मी तुम्हाला म्हणाले, "निदान तिला तरी खरं सांगायचं होतंत." माणसाला शेवटी अल्लाचं नाव घेऊन कलमा म्हणता यावा, कुणाला माफ करायचं असेल तर करता यावं, एवढा वेळ तुम्ही तिच्याकडून काढून घेतलात, असं मला वाटलं होतं.  त्यानंतर तुम्ही थाप मारायची सोडलीत. लोक विचारायचे, किती राहिलं, आणि तुम्ही सांगायचात, "लांब आहे साहेब. तासभर तरी." माणसं बसायची, परत फिरायची, दुसऱ्याचा घोडा करायची. मी सुट्टीवर आले की पाहायची, तुम्ही स्टँडजवळ दुपारपर्यंत तसेच उभे आणि घोडा शेजारी. माझे शब्द मागे घ्यायला मी हे लिहीत नाही. त्या वेळी मला जे वाटलं ते वाटलं, आणि कालपरवापर्यंत वाटतच होतं.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. भला माणूस आहे, हिंदीत बोलतो. म्हणाला, "भाभी, अब घर पे आराम दीजिए. गाव से किसी को बुलाना हो तो बुला लीजिए." मी विचारलं, ईदपर्यंत? त्याने खाली बघत फाइल मिटली. घरी येऊन मुलीला फोन केला. ती शारजाला कॉलेजात आहे. आधी बराच वेळ रडली, मग म्हणाली, "ममा, यू हॅव टू टेल हिम. इट्स हिज राइट." मी म्हटलं, बेटा, बघू. ती म्हणाली, "नो बघू, ममा. प्लीज." तिचा तो आवाज मी ओळखला, अब्बा. टाकीपाशी तुमच्यासमोर तोच उभा होता. सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. 

रविवारी हे म्हणाले, डोंगराकडे जाऊ. मी म्हटलं, खलास, ते आता बास झालं, घरी बसू. तर म्हणाले, "चालायला नाय म्हणत. नुसतं गाडीतून बघू. यल्ला, चल, काढ गाडी." गाडी आता मीच चालवते. बोर्डासमोर गाडी लावली, ऑक्सिजनचं छोटं यंत्र त्यांच्या पायाशी घरघरत होतं. पाठीवर सॅक घेतलेली पोरं बोर्ड वाचत होती, हसत होती, वर निघून जात होती. हे काचेतून पहिल्या वळणावरच्या बाकाकडे बघत होते. तिथे कुणीतरी डबा उघडून बसलं होतं. मी मनात ठरवून गेले होते की आज सांगायचं. मुलीला शब्द दिला होता. आणि त्यांनीच विचारलं, माझ्याकडे न बघता, "डॉक्टरनी तुला बाहेर नेऊन काय सांगितलं? किती दिवस राहिलेत?"

अब्बा, आयुष्यभर मी माणसांना तुमच्यासारखं, आलंच, आलंच म्हणत आले. त्या दिवशी तोंडातून निघालं, "लांब आहे अजून. खूप लांब." तुमचाच साधा चेहरा मी केला असणार. या थापेमागे कुठलाही पॉइंट नाही, दरी नाही, पोचल्यावर कुणी खूश होणार नाही, हे मला बोलतानाच माहीत होतं.  वाटलं, आता घोडेवाल्याची पोर म्हणतील. म्हणाले नाहीत. माझा हात गिअरवर होता त्याच्यावर आपला हात ठेवला आणि म्हणाले, "मग घाई कशाला? सावकाश जाऊ."

मग त्यांनी डोकं मागे टेकलं, डोळे मिटले, आणि त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता. मी बाटलीकडे हात नेला आणि तसाच थांबवला. कलमा होता तो, अब्बा. एका मागोमाग एक, न थांबता, मध्ये दम घेऊन पुन्हा पहिल्यापासून. त्या उतारावर अम्मीला तहान लागली नव्हती, तिचेही ओठ असेच हलत होते. तिच्याकडून तुम्ही काहीच काढून घेतलं नव्हतंत. तिला गाड्या दिसल्या नव्हत्या आणि तुम्हालाही माहीत होतं की तिला दिसल्या नाहीत. मी तेवढी एकटीच त्या वाटेवर खरं शोधत होते. हे कळून आता काय उपयोग, तुम्ही नाही, ती नाही, आणि हे पण जाणार आहेत. मुलीला काय सांगू तेही समजत नाही. ती विचारेल आणि मी बघू म्हणेन.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुमच्या कबरीवर न्यायला मी तिकडे येईन तेव्हा एकटी येईन, आणि तेव्हा हातात यांचं सामानही असेल. एकच सांगते आणि कागद मिटते. लांब आहे असं त्यांना म्हणाले, त्या वेळी मला क्षणभर ते खरंच लांब दिसलं होतं. तुम्हालाही त्या दिवशी झाडांमधून गाड्या दिसल्या होत्या का?