उशिरा येणारं पाऊल

९ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं हो हो करते आणि धड काही सांगत नाही अशी तुझी तक्रार, म्हणून हे पत्र. लाडीगोडी नंतर, आधी मागणं. तुझ्या शिवणखोलीत माझं एक मशीन राहील का?

माझा गेम एकाच लॅपटॉपवर आहे. त्यावर चहा सांडला की तीन वर्षं पाण्यात. म्हणून घरचा एक सर्व्हर हवाय, कायम चालू असलेला. मी इथून काम पाठवायचं, त्यानं तिथे जपायचं. नुसतं शेवटचं नाही हं, प्रत्येक व्हर्जन. तू नाही का नवीन कोट बेतलास तरी जुन्या मापांचे कागद खुंटीवर ठेवतेस? तसंच. फसलं की मागे जाता येतं.

गेम साधा आहे. एक बाई चालते. तिनं पाऊल टेकवलं की पुढची जमीन उगवते. बस.

तुझ्या गल्लीच्या टोकाला जुन्या कॉम्प्युटरचं दुकान आहे ना, तिथे एका ऑफिसनं काढून टाकलेला सर्व्हर आलाय. खाटेएवढा लांब! काय ताकद आहे त्याच्यात! बघून येशील?

तुझ्या मायेवर डोळा ठेवून असलेली,
खार


१७ जानेवारी

चि. खारीस,
अ. उ. आ.

बघून आले. आधी त्याला म्हटलं, चालू करून दाखव. चालू केल्यावर दुकानदार माझ्याशी ओरडून बोलायला लागला, यातच सगळं आलं. बाई गं, ती पिठाची गिरणी आहे. मला शिवताना दोरा तुटलेला ऐकू यावा लागतो.

दुकानदारानं विचारलं की याच्याकडून काम काय करून घ्यायचंय. मी म्हटलं, दिलेलं ठेवायचं आणि मागितलं की परत द्यायचं. तो हसला. म्हणाला, मग ताकद कशाला? खारे, तुझ्या वयाला घोडा हवासा वाटणारच, पण राखणीला कुणी घोडा ठेवत नाही.

तर एक डब्याएवढी पेटी आणली आहे. वीज दिव्याएवढी खाते. आत दोन डिस्क, एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवरही लिहिलं जातं. एक गेली तरी दुसरी असते. हे मला फार पटलं. दोन कात्र्या ठेवणारीला पटणारच. वीज गेली तर सावरायला बॅटरीही घेतली आहे.

जेवत जा. तुझी आई म्हणते तू हाडं दाखवत फिरतेस.

तुझी,
मावशी


३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पेटी झकास चालली आहे, तीन वर्षांची सगळी जुनी व्हर्जनंही तिच्यात गेली. पण काल तिनं मला इथे कळवलं की तिला ताप चढलाय. आईला विचारलं तेव्हा कळलं, धूळ बसू नये म्हणून तू तिला अस्तर लावून जाड कापडाचा अंगरखा शिवलास. बटणांसकट! मावशी, तिला श्वास घेऊ दे. अंगरखा मला पाठव.

पुढच्या आठवड्यात येते तेव्हा पेटी तुझ्या टीव्हीला जोडून देईन. बटण दाबलंस की एकेक जुनं व्हर्जन उघडेल. बघ कधी वेळ गेला नाही तर.

तुझीच,
खार


१२ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पेटी ओरडत असेल. एक डिस्क गेली आहे. नवीन आणू नकोस.

गेम मी सोडतेय. लोकांना खेळायला दिला. सगळे छान म्हणाले आणि फोन बघायला लागले. मला स्वतःलाच काही वाटत नाही आता. बाई चालते, जमीन उगवते, पुढे काय? एका कंपनीत नोकरी मिळतेय, रंगीत गोळ्या जुळवायच्या गेमची. पेटीत सुया-दोरे ठेव.

रागावू नकोस.
खार


२० जून

चि. खारीस,
अ. उ. आ.

रागावले. आणि डिस्क आणली.

जुनी ओढून काढली, नवी सरकवली. मग दिवसभर दिवा लुकलुकत होता. उरलेली डिस्क नवीला पहिल्यापासून सगळं सांगत होती, न थकता, न गाळता. मी कोटाला काजं करत बसले होते आणि माझे हात थांबले. एवढं काय सांगत असेल? म्हणून टीव्ही लावला.

पहिल्यांदा राखाडी जमिनीवर एक चौकोन. मग चौकोनाला पाय फुटले. मग गवत आलं, वारा आला, आकाश तर मी डोळ्यांदेखत तयार होताना पाहिलं. जग कसं घडतं हे कुणाला बघायला मिळतं गं? मला मिळालं, शिवणखोलीत, मांडीवर कोट घेऊन.

प्रत्येक व्हर्जनखाली तू एक ओळ लिहितेस हे मला माहीत नव्हतं. बाई चालायला लागली तेव्हाची ओळ होती, "अजून मावशीसारखं नाही झालं." मी पुढे गेले. "डावं पाऊल आणखी उशिरा." "खांदा आधी झुकतो, मग पाय येतो." आणि मग नुसतं, "झालं!"

तिथे ती माझ्यासारखी चालत होती. लहानपणापासून लोकांनी माझ्या पायाकडे पाहिलंय किंवा मुद्दाम पाहिलेलं नाही. इतकं निरखून, इतक्या मायेनं कुणी पाहिलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी आरशासमोर चालून बघितलं. खांदा खरंच आधी झुकतो.

पण खारे, ऐक. ते डावं पाऊल हवेत असतं ना, तेव्हा क्षणभर काहीच होत नाही. जमीन थांबलेली, वारा थांबलेला, मीही थांबलेली. मग पाऊल टेकतं आणि अख्खा डोंगर उभा राहतो. माझ्या हातातली सुई पडली.

शेवटच्या व्हर्जनखाली लिहिलंयस, "सगळ्यांना चाल बिघडल्यासारखी वाटते. सरळ केली." सरळ चालीत डोंगर पटापट उगवतात, जिन्याचे दिवे लागावेत तसे. तुझा गेम तिथे मेला.

नोकरी कर हवी तर. पण माझा पाय मला परत दे. उशिरा येतो, पण येतो.

तुझी वाट बघणारी,
मावशी


२ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मागे गेले. तू सुई पाडलीस त्याच व्हर्जनपासून पुढे काम सुरू केलंय. काल खोलीतल्या मैत्रिणीला खेळायला दिला. डावं पाऊल हवेत असताना तिनं श्वास रोखला, मी पाहिलं. फोन पलंगावर वाजत राहिला.

नोकरीला नाही म्हटलं. आईला तूच सांग, मला मार खायचा नाही.

आज काम पाठवलं आहे, दिवा लुकलुकला असेल. व्हर्जनखाली तुझ्याच पत्रातलं शेवटचं वाक्य लिहिलंय, ते टीव्हीवर बघ.

तुझ्या मागून चालणारी,
खार