मागच्या खोलीतलं टेबल

४ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, कारण गेले आठ दिवस डोकं नुसतं तापलंय. शिवणाच्या दुकानात नवी बाई ठेवल्याचं तुला कळवलं होतं. मी तिला मास्तरीण म्हणते. कापड बेतण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. खडूची रेघ एकदाच ओढते, पुसायची वेळच येत नाही. पण ती आपल्या धर्माची नाही, आणि हे गिऱ्हाइकांना तिच्या नावावरून कळलं. झालं!

बँकेतल्या बाई, ज्यांचे कोट मी बारा वर्षं शिवतेय, त्या म्हणाल्या की माप तुम्हीच घ्या, तिचा हात नको. का, तर तसं काही नाही हो, पण बरं नाही वाटत. पुढच्या गल्लीतल्या सासूसुना तर कापड उचलून चालत्या झाल्या. एरवी एकमेकींचं तोंड बघत नाहीत, इथे मात्र एकमत. शिकलीसवरलेली माणसं ही! कपाळाला हात लावायचा फक्त.

शेवटी मीच तोडगा काढला. तिचं टेबल मागच्या खोलीत हलवलं, मध्ये पडदा लावला. मापं मी घेते, कापते ती, आणि कुणी विचारलंच तर मीच कापलं म्हणते. तिला चार शब्द ऐकायला नकोत आणि दुकानही चालू राहील.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच, पत्रांची मात्र टंचाई आहे.

तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून चिडलो. गिऱ्हाइकांवर नाही, तुझ्यावर. लहान तोंडी मोठा घास वाटेल, पण घेतोच.

एक गोष्ट तुला कळवली नव्हती. गेले चार महिने मी इस्पितळात एक्स-रे काढतच नाही. इथे आपला धर्म परका. एका म्हातारीला श्वास रोखायला सांगत होतो, तेवढ्यात तिच्या मुलाने माझ्या नावाची पट्टी वाचली आणि याने आईला हात लावायचा नाही म्हणून गोंधळ घातला. मग आमच्या विभागाच्या साहेबांनी मला तळघरात जुन्या एक्स-रे फिल्म क्रमाने लावायला बसवलं. तुला त्रास नको, म्हणाले, आणि खांद्यावर हात ठेवला. माणूस वाईट नाही, विचारपूस करतो. त्या मुलाचं बोलणं मी दोन दिवसांत विसरलो, ताई. साहेबांचा हात अजून विसरलो नाही.

तिचं काम तू स्वतःच्या नावावर खपवतेस, वर तिच्यावर उपकारही करतेस! आणि पडदा गिऱ्हाइकांनी लावला का? स्टुलावर तूच चढलीस ना?

रागावलीस तरी चालेल, पण लिही.

तुझा धाकटा

६ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

आधी तुझाच राग आला, चार महिने लपवलंस म्हणून. मग रडले.

दुसऱ्या दिवशी मास्तरीण यायच्या आधीच मी पडदा काढला, टेबल पुढे आणलं. तेवढ्यात ती आली आणि पाठोपाठ बँकेतल्या बाई. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की तुमच्या अंगावरचा कोट हिनेच बेतलाय. बाई तोंड वाकडं करून गेल्या. मी मास्तरणीकडे बघितलं, आता खूश होईल म्हणून. माझी अक्कल बघ.

तिने खडू खाली ठेवला. म्हणाली, “मागे नेताना मला विचारलं नाहीत, आज पुढे आणतानाही नाही. मी काय टेबल आहे?” आणि गेली ती गेलीच.

दोनदा तिच्या घरी जाऊन समजूत घातली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा नुसतं विचारलं, तुला काय हवंय. तिने शांतपणे सांगितलं की दुसरीकडे काम मिळालंय, मालकीण तिरसट आहे, पण तिथे मी पुढे, दुकानाच्या दारासमोर बसते.

काल बँकेतल्या बाई परत आल्या. त्यांचा आधीच शिवायला टाकलेला नवा कोट मग मीच बेतला होता, तो काखेत धरतो म्हणे. तुमची ती बाई आता कुठे असते, पत्ता द्या, म्हणाल्या. पत्ता मला ठाऊक आहे. म्हटलं, तिला विचारून सांगते.

तुझ्या साहेबांना खरमरीत पत्र लिहून ठेवलंय, दोन पानी. पाकीटही चिकटवलं होतं. मग फोडलं. पाठवू का रे?

उत्तराची वाट बघतेय.

तुझी ताई