मावशी, तुझ्यासाठी दहा किलोमीटर

प्रिय मावशी,

काल रत्नागिरीत दहा किलोमीटर धावले. आज शाळेचा जिना उतरताना कठडा धरावा लागला, पोटऱ्या अशा भरून आल्यात! हसू नकोस. चाळिशीला टेकलेल्या बाईने सहा महिने पहाटे उठून सराव केलाय, थोडं कौतुक कर.

परक्यांची मुलं काही वर्षं आपल्या घरी ठेवून सांभाळणारी कुटुंबं असतात, त्यांना मदत करणारी एक संस्था आहे. तिच्यासाठी निधी जमवायला ही दौड होती. फॉर्मात विचारलं होतं, 'कोणाच्या आठवणीत धावताय?' तुझं नाव लिहिलं. पुढे 'नातं'. मी 'मावशी' लिहिलं. टेबलापलीकडच्या मुलीने सहज विचारलं, "सख्खी का?"

"नाही."

"मग आईची मैत्रीण?"

तेही नाही. मागे रांग होती, मी नुसती हसले आणि नंबर घेऊन पुढे झाले. पण तिला नीट उत्तर द्यायला हवं होतं, ही रुखरुख कालपासून जात नाही. तू गेलीस त्याला वर्ष होत आलं, नाहीतर तुलाच फोन करून विचारलं असतं. म्हणून लिहायला बसले.

मी आठ वर्षांची होते. बाबा वारले होते, आई मनाच्या आजाराने दवाखान्यात होती. बालकल्याण कार्यालयातल्या बाई मला मिरकरवाड्यात तुझ्या नि काकांच्या दारात सोडून गेल्या, "आई बरी होईपर्यंत" असं सांगून. तू माझ्या पिशवीला हात लावला नाहीस. "तुला वाटेल तेव्हा तूच कपडे बाहेर काढ," म्हणालीस. मी ती पिशवी उशाला घेऊन झोपायचे.

आणि चौथ्या दिवशी पळाले! आठवतं ना? तू जेटीवर मासळीच्या लिलावाला गेली होतीस. मला वाटत होतं, खेडची एसटी पकडली की घरी आई भेटेल. स्टँडवर पोचते तर मागून तू. पदर खोचलेला, हाताला खवले चिकटलेले, पायात चप्पल नाही. घेतलेलं म्हावरं तसंच टाकून आली होतीस. आता मार बसणार, म्हणून मी डोळे मिटले. तू बाकावर बसलीस आणि धापा टाकत म्हणालीस, "काय धावतंस गो तू! माझा जीव गेला."

"मला आईकडे जायचंय."

"मग सांगायचं नाय काय? आई खेडला नाय गो. हितंच आहे, दवाखान्यात. मी नेईन तुला."

"कधी?"

"उद्या."

आणि खरंच नेलंस! पहिल्या वेळी आईने मला ओळखलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर येऊन मी ओरडून रडले, तू मला गप्प केलं नाहीस. पुढच्या महिन्यात पुन्हा नेलंस, आणि मग दर महिन्याला, धंद्याचा दिवस बुडवून. आईच्या केसांना तेल लावत तू तिला माझ्या शाळेतल्या गमती सांगायचीस, ती ऐकतेय की नाही याची पर्वा न करता. वर्ष उलटल्यावर एकदा तिने माझं मनगट धरलं. "वंदू, केवढी उंच झालीस!" त्या दिवशी मात्र तूच रडलीस.

एक तक्रार आहे माझी. मला ताप होता, तू कपाळावर पट्ट्या ठेवत होतीस, आणि मी तुला 'आई' म्हटलं. तू लगेच म्हणालीस, "मावशी म्हण." किती लागलं होतं मला! तुला मी नकोय, असंच वाटलं. तू माझ्या आईची जागा तिच्यासाठी राखून ठेवत होतीस, हे कळायला मला मोठं व्हावं लागलं.

पाच वर्षांनी आई बरी होऊन मला न्यायला आली. तेव्हा स्टँडवर काका आले, तू आली नाहीस. नंतर विचारलं तर "त्या दिवशी म्हावरं लय आलं होतं" म्हणून उडवून लावलंस. रुसून मी वर्षभर तुला एक पत्रही लिहिलं नाही. काल धावायच्या आधी काकांनी सांगितलं, त्या दिवशी तू जेटीवर गेलीच नव्हतीस. दार लावून घरात बसली होतीस. "मी गेले तर माझ्यानं पोरीचा हात सोडवणार नाय," असं त्यांना म्हणाली होतीस. मावशी, हे मला एकदा तरी सांगायचं होतंस गं!

भाट्याच्या पुलापर्यंत मी छान धावले. पुढच्या चढावर मात्र चालायला लागले. माझ्याच बरोबरीने नाटे गावची एक बाई चालत होती. दोन महिन्यांपूर्वी तिने नऊ वर्षांची एक मुलगी घरी आणलीय. "पोरगी बोलतच नाय हो ताई. माझं काय चुकतंय?" विचारताना ती डोळे पुसत होती. मग उरलेली वाट मी तिला तुझ्याबद्दल सांगत गेले. आम्ही जवळजवळ शेवटी पोचलो. आई लिंबू-सरबत घेऊन उभी होती. माझा घाम पुसत एवढंच म्हणाली, "तिने तुला सांभाळलंन, आणि मलाही."

फॉर्मवाल्या मुलीला हेच सांगायला हवं होतं, नाही का?

येत्या रविवारी मी नाट्याला जाणार आहे. शिकवायला नाही. त्या बाईजवळ बसेन, तिचं ऐकेन, मुलगी बोलली तर बोलेन, नाही बोलली तर नाही. आणि एकदाच नाही, दर महिन्याला जाईन, हे तुला वचन देते. त्या पाच वर्षांत "माझं काय चुकतंय?" असं विचारायला तुला काकांशिवाय कोणीही नव्हतं. तिला मी आहे.

तुझी,
वंदू