डनमोरची वरची रेघ

एश्बॉर्न,
ता. ९ फेब्रुवारी २००६, गुरुवार

मालिनीवहिनी,

इथूनच वाकून नमस्कार. वैभवीला पापा. पत्र खरं तर दादाला लिहायला बसलो होतो, पण 'दादा' एवढं लिहून अर्धा तास गेला. म्हणून तुमच्या नावाने लिहितोय. फोनवर पण तसंच होतं. तो 'हां, देतो' म्हणतो आणि रिसिव्हर तुमच्याकडे जातो.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. खोली एका पाववाल्याच्या वर आहे. थंडी आहे पण भिंतीला गरम नळ्या असतात, हायझुंग म्हणतात, त्यामुळे घरात बनियनवर बसता येतं. काळजी नको.

ज्याच्यासाठी आम्हाला इकडे आणलं तो म्युझियमचा ट्रक रंगवून झाला. बरोबर आलेले तिघे पंजाबचे पेंटर परत गेले. मला एका स्टुडिओने ठेवून घेतलं. स्टुडिओ म्हणजे फोटोचा नव्हे. इथे मोटारीचा आकार ठरवतात. आधी खऱ्या मापाची मातीची मोटार करतात, मग तिच्यावर चकचकीत कागद ताणून बसवतात, लांबून बघितलं तर दार उघडून आत बसावंसं वाटतं. मी तिच्या अंगावरून बारीक रेघ मारतो. हाताने, एका दमात, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत. मशीनची रेघ मेलेली दिसते असं मालकीणबाईंचं म्हणणं. फ्राऊ रीडल त्यांचं नाव. सातवी पास माणसाला त्यांनी ठेवलं ते या रेघेसाठी.

गाडी अमेरिकन आहे, डनमोर. एके काळी तिकडे डॉक्टर म्हटला की डनमोर, वकील म्हटला की डनमोर. लांबलचक, मागे माशासारखे पर. आता ती फक्त म्हातारी माणसं घेतात. कंपनीने मधल्या काळात काय केलं, तर दुसऱ्याच कुणाच्या छोट्या गाड्या आणून त्यावर आपलं नाव चिकटवलं. अशी अकरा मॉडेलं झाली. सांगलीचा शार्दूल म्हणून एक जण आहे, आखनला इंजिनिअरिंग शिकतो, वर्षभरासाठी इथे प्राक्टिकुमला आलाय, म्हणजे शिकाऊ. तो मला सगळं मराठीत करून सांगतो. तो म्हणाला, "अकरा पोरं, पण एका बापाची वाटत नाहीत." आता अकराची तीन करायची आणि तिन्ही एका घरची दिसली पाहिजेत, हे काम आमच्या स्टुडिओकडे आलंय.

दादाचा हात कसा आहे? मिरजेला परत दाखवणार होतात. थंडीत मनगट दुखत असेल. त्या दिवशी फरशी ओली नसती तर आज जयसिंगपुरात अर्ध्या पाट्या त्याच्या असत्या. असो. फ्लेक्सच्या जमान्यात तशाही कुठे राहिल्या.

इथे सगळं ठीक आहे.

तुमचा,
श्रीनाथ

•

एश्बॉर्न,
ता. १२ जून २००६, सोमवार

वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. वैभवीने काढलेला हत्ती भिंतीला लावलाय. दादाने माझं पाकीट हातात घेतलं, पत्त्याकडे बघितलं आणि 'एस अजून पुढे पडतोय' म्हणाला, असं तुम्ही लिहिलंत. तेवढी ओळ मी चार वेळा वाचली. तो खरंच पुढे पडतो.

इथे फुटबॉल चालू आहे. प्रत्येक मोटारीला खिडकीत छोटा झेंडा. पाववाल्याने गोल पाव काढलेत, फुटबॉलसारखे शिवण पाडलेले. लोक रस्त्यात अनोळखी माणसाला मिठी मारतात. मलाही एकाने मारली.

आता एक बातमी. चांगली आहे.

तिन्ही गाड्यांचे आकार झाले होते, पण नाव अडलं होतं. म्हणजे गाडीच्या पाठीवर 'डनमोर' लिहितात ते. पूर्वी ते हातच्या वळणदार अक्षरात असायचं, नंतर प्लॅस्टिकची ठोकळ्यासारखी अक्षरं आली. कंपनीला जुनं वळण परत पाहिजे, पण जुने नकाशे कुणी जपलेच नाहीत. एक पुसट फोटो आहे, त्यात नावापुढे कुत्रा उभा आहे. कॉम्प्युटरवर चौदा प्रकार झाले. फ्राऊ रीडल एकेक बघायची आणि म्हणायची, "टोट." मेलेलं. हा शब्द मला आता झोपेतही कळतो.

एक दिवस ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तू लिही." गंमत म्हणून म्हणाली असेल. मी खाकी कागद भिंतीला लावला, खडूची दोरी मारली, अर्धा इंची ब्रश घेतला आणि लिहिलं. वळून बघितलं तर सगळे डोकी तिरकी करून उभे.

"वारूम ओबेन?" फ्राऊ रीडलने विचारलं. रेघ वर का?

मला प्रश्नच कळला नाही. रेघ वर नाही तर कुठे असणार? शार्दूल हसून हसून खाली बसला. म्हणाला, "लेका, इंग्रजी अक्षरं खाली जमिनीवर उभी राहतात. तू ती दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी टांगलीस!"

बघितलं तर खरंच. आपली अक्षरं वरच्या रेघेला लटकतात, मी सवयीने त्यांचीही तशीच लटकावली. कागद काढायला गेलो तर फ्राऊ रीडल ओरडली, "लास दास!" राहू दे. तिने तो कागद भिंतीवरून सोडवला आणि मातीच्या गाडीच्या पाठीवर धरला. तिथे दोन दिव्यांच्या मधून एक चांदीची पट्टी जाते. माझी दोरीची रेघ बरोबर त्या पट्टीवर बसली. आता पट्टी हीच रेघ, आणि डनमोर तिला लटकलेलं. मोठ्या गाडीवर, मधल्या गाडीवर, छोट्या गाडीवर. तिन्ही एकदम एका घरच्या दिसायला लागल्या.

गेल्या आठवड्यात अमेरिकेहून माणसं आली. पडदा काढल्यावर त्यांच्यातला एक म्हातारा पुढे जाऊन अक्षरांवरून बोट फिरवत राहिला. मग टाळ्या झाल्या. मला पुढे बोलावलं. केक होता, चेरीचा. मी दोन तुकडे खाल्ले. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी काट्याला लागलेलं क्रीम बघत होतो. शार्दूल म्हणाला, "अरे, हस तरी, फोटो काढतायत." हसलो. फोटो पाठवतोय, त्यात मी हसलोय.

अक्षर कसं जमलं ते सगळे विचारतात. मी सवय एवढंच सांगतो.

हे दादाला सांगायचं की नाही ते तुम्ही बघा. फोटो मात्र दाखवू नका. गाडीच्या पाठीचा आहे तो तर नकोच.

तुमचा,
श्रीनाथ

•

एश्बॉर्न,
ता. १ सप्टेंबर २००६, शुक्रवार

दादा,

नमस्कार करतो. हे पत्र तुझ्या नावाने आहे. वहिनींकडे देऊ नकोस, तूच वाच.

वहिनींनी कळवलं की तू गाडीच्या पाठीचा तो फोटो बघितलास. त्यांनी लपवला होता, वैभवीने काढून दिला. खूप वेळ बघितलास असं त्या लिहितात. म्हणजे तुला कळलंय. आता मी सरळ लिहितो.

कंपनीने ते नाव पक्कं केलं. त्याचा कागद करावा लागतो. कागदावर एक रकाना आहे, उरहेबर. शार्दूलला विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, "ज्याच्यापासून ती गोष्ट सुरू झाली तो. तूच की. नाव घाल आणि मोकळा हो." त्याच्याखाली छापलं होतं, यात दुसऱ्या कुणाचाही हात नाही. शार्दूलने मराठी करताना हात हाच शब्द वापरला. दुसरा कुठला तरी वापरायला पाहिजे होता त्याने.

सही केली असती तर स्टुडिओ मला कायमचा घेणार होता. माझा परवाना तीस तारखेला संपतो. पुढचा मिळावा म्हणून ऑफिसला द्यायचं पत्र फ्राऊ रीडलने टाइप करून पाकिटात घालून ठेवलं होतं.

तो डी माझा नाही, दादा. आपल्या दुकानाच्या इंग्रजी पाटीवर तुझ्या नावाचा जो डी आहे तोच आहे. पोट भरलं की ब्रश न उचलता खालून वळवून आत आणायचा. माझ्या हातावर हात धरून तू तो किती वेळा काढून घेतलास, मी रडायचो तरी सोडायचा नाहीस. एमच्या दुसऱ्या कमानीला श्वास सोडायचा, तेही तुझंच. आणि वरची रेघ. इथे सगळ्यांना वाटतं ती मराठी सवय आहे. पण बाकीचे पेंटर इंग्रजी पाटीला खालीच दोरी मारतात. तू एकटाच वरून मारायचास. भिंतीचा खालचा भाग कधी सुटेल सांगता येत नाही, माप वरून धरावं, म्हणायचास.

मी फ्राऊ रीडलला सांगितलं की हे माझ्या भावाचं अक्षर आहे.

ती म्हणाली, "पण ब्रश तुझ्या हातात होता."

मी म्हणालो, "या." म्हणजे हो.

"आल्झो?" मग काय प्रश्न आहे?

मी म्हणालो, त्याच्या हातात आता ब्रश राहत नाही.

तिने विचारलं, का? आणि मी पुन्हा तेच सांगितलं. पाटी रंगवताना शिडी घसरली, फरशी ओली होती. शार्दूलने त्याचं जर्मन केलं. ती "ओह" म्हणाली. मला जर्मन तेवढं येत नाही, पण खोटं बोललेलं त्यातही ऐकू आलं.

फरशी ओली नव्हती. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. मी हे कुणाला कधी लिहिलं नाही, म्हणून आता तुलाच लिहितो.

पतसंस्थेची पाटी होती. मी शिडीवर पाय देऊन उभं राहायचं होतं. त्या दिवशी स्टँडसमोर पहिला मोठा फ्लेक्स चढवत होते, आमदाराच्या वाढदिवसाचा, दोन मजले उंच. मी सकाळपासून तुझं डोकं खात होतो की आपण पण मशीन घेऊ, हे डबे-ब्रश किती दिवस. तू म्हणालास, "तुला जायचं तर जा, पण आधी ही पाटी होऊ दे." मी पाटी होऊ दिली नाही. तुला न सांगता कोपऱ्यापर्यंत बघायला गेलो. पाच मिनिटं असतील. तू वरून "श्री, लाल दे" म्हणालास, असं पानवाल्या सुधामावशीने मला नंतर सांगितलं. दोनदा म्हणालास. मी नव्हतो म्हणून तू स्वतःच डब्याकडे वाकलास.

मी आलो तेव्हा लाल रंग सांडलेला होता आणि मला आधी वाटलं ते रक्त आहे. रक्त नव्हतंच. हात फक्त उलटा झाला होता.

दवाखान्यात वहिनींनी विचारलं, कसं झालं? तूच म्हणालास, फरशी ओली होती. माझ्याकडे न बघता म्हणालास. मी मान हलवली. त्यानंतर तू माझ्याकडे बघितलेलं नाहीस. मी मुंबईची गाडी पकडली तेव्हासुद्धा तू ब्रश धुत होतास, डाव्या हाताने, धुवायला एकही ब्रश खराब नसताना.

तू मला वाचवलंस की हाकलून दिलंस, ते मला दोन वर्षांत कळलेलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. आताही विचारत नाही.

मला वाटलं होतं हे लिहिलं की रडू येईल. आलं नाही. खाली कचऱ्याची गाडी आली आहे, पिवळ्या पिशव्या घेऊन चालली आहे. मी मधेच उठून आपली पिशवी खाली ठेवून आलो आणि परत लिहायला बसलो. मी असाच झालोय, दादा. केक दिला तर खातो, हस म्हटलं तर हसतो.

त्या रकान्यात मी तुझं नाव लिहिलंय. दिनकर विठ्ठल चौगुले, जयसिंगपूर. फ्राऊ रीडल चिडली नाही. तिने माझं टाइप केलेलं पत्र पाकिटातून काढून परत फायलीत ठेवलं आणि म्हणाली, मग तुझ्या भावाची सही वीस तारखेच्या आत लागेल, नाहीतर कंपनी कॉम्प्युटरची अक्षरं घेईल. माझ्या परवान्याबद्दल ती काही बोलली नाही, मीही काढलं नाही. शार्दूल जेवताना म्हणाला, "तुझ्यासारखा येडा बघितला नाही." मग स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी मला दिली.

कागद बरोबर आहे. जिथे सही करायची तिथे शार्दूलने पेन्सिलने फुली मारली आहे. परतीचं कुरिअरचं पाकीटही आत आहे. सही डाव्या हाताने केलेली चालते, मी विचारून घेतलंय. वेडीवाकडी आली तरी चालते. फ्राऊ रीडलने विचारलं, ती त्याचीच आहे हे कळणार कसं? मी म्हणालो, मला कळेल.

करायची नसेल तर नको करूस. कोराच परत पाठव, मी कारण विचारणार नाही. मग त्या गाड्या मेलेली अक्षरं घेऊन फिरतील आणि मी तीस तारखेनंतर कुठे असेन ते बघू. पण सही माझी होणार नाही त्याच्यावर, एवढं मी ठरवलंय. बऱ्याच दिवसांत मी ठरवलेली ही एकच गोष्ट आहे.

आणि सही कर की नको कर, एक ऐक. फरशी ओली होती असं यापुढे कुणाला सांगू नकोस. वहिनींना आज सांग. वैभवी मोठी होऊन विचारेल, बाबा, हात कशाने असा? तिलाही खरं ते सांग. माझं नाव घेऊन सांग.

शिडीपाशी नसलेला,
श्रीनाथ