रॅम्पवरची रांगोळी

परळी वैजनाथ

तीर्थरूप वनमालाअक्कास, गहिनीनाथचा बसल्या जागेवरून नमस्कार.

मी बरा आहे. खांदा थोडा दुखतो, काळजी नको. तुझे गुडघे कसे आहेत?

काल इथल्या कचेरीत अपंगांच्या रॅम्पचं उद्घाटन झालं. दोन फूट उंचीला चोवीस फूट रॅम्प लागतो. मी टेपनं मोजला, नऊच फूट भरला. त्यावर रांगोळी. "गहिनीनाथराव, चाकानं पुसंल की," म्हणत चौघांनी मला खुर्चीसकट पायऱ्यांवरून सत्काराला उचलून नेलं. किळस आली, अक्का.

कचेरीचे साहेब म्हणाले, "रॅम्प योग्य आहे, अशी तुमच्या अपंग संघटनेच्या वतीनं सही करा."

म्हणलं, "आधी तुमी या खुर्चीत बसून चढून दाखवा."

सही दिली नाही. मग मला खाली उतरवायला कुणी येईना. दीड तास वरच बसलो, पण त्या कागदावर माझं नाव नाही, एवढं आईला सांग.

तुझा धाकटा,
गहिनीनाथ